कळलेले वळावे म्हणून: जुन्या शहाणपणाचा रोजच्या जगण्यात उपयोग

शहाणपण शोधायला निघालेल्या माणसाने आधी वही उघडावी आणि आपल्याला सध्या नेमके काय सलते आहे, ते एका वाक्यात लिहून काढावे; पुस्तकाची पाळी त्यानंतर येते. ‘सुखी कसे व्हावे’ असा प्रश्न घेऊन कोणत्याही ग्रंथाकडे गेले तरी उत्तर मिळते, आणि ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही, कारण तो प्रश्न कोणाचाच नसतो. ‘माझ्यामागून आलेल्या सहकाऱ्याला बढती मिळाल्यापासून मला त्याच्याशी सरळ बोलता येत नाही’, ‘रविवारची संध्याकाळ झाली की सोमवारच्या कामाची धास्ती वाटू लागते’, ‘वडिलांशी बोलताना पाचव्या मिनिटाला माझा आवाज चढतो’ अशी वाक्ये लिहायला अवघड असतात आणि लिहिल्यावर थोडे ओशाळवाणेही वाटते. तसे वाटले, तर प्रश्न बरोबर हाती लागला आहे असे समजावे.

मी स्वतः कित्येक वर्षे याच्या उलट करीत होते. आवडलेली वचने उतरवून ठेवायची, फोनवर आलेले सुविचार जपून ठेवायचे, जमल्यास पुढे पाठवायचे, असा क्रम चालला होता. त्या साठ्यात क्रोधावरची वचने भरपूर होती आणि माझा राग मात्र होता तिथेच होता. ‘कळते पण वळत नाही’ असे आपण सहज म्हणून जातो, पण खरी मेख त्याच दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे. पुढे सांगितलेली पद्धत त्या जागेसाठी आहे.

प्रश्न लिहून झाला की एकच ग्रंथ निवडावा. शेकडो वर्षे टिकलेला ग्रंथ निवडण्यामागे श्रद्धेइतकेच व्यवहाराचेही कारण आहे: छपाई येण्यापूर्वी प्रत्येक प्रत कोणीतरी हाताने, दिवसेंदिवस बसून, लिहीत असे, आणि ज्या मजकुराचा कोणाला उपयोग नव्हता त्यासाठी इतके कष्ट सहसा घेतले जात नसत. ही चाळणी परिपूर्ण नव्हती. चांगले ग्रंथही नष्ट झाले, आणि टिकलेल्या ग्रंथांत त्या त्या काळाचे दोषही टिकले; ॲरिस्टॉटलसारख्या विचारवंताने आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथात काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात असे मांडले आहे. म्हणून जुने आहे एवढ्यावरून काहीही शिरोधार्य मानू नये. मात्र मत्सर, भीती, राग, मृत्यूचे भय आणि कामाचा कंटाळा या बाबतींत माणूस फारसा बदललेला नाही, आणि तेथे जुन्यांचे सांगणे आजही थेट लागू पडते. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस (राज्यकाळ इ. स. 161 ते 180) याने स्वतःपुरत्या केलेल्या नोंदी आज उपलब्ध आहेत, त्यांतील काही डॅन्यूबच्या सीमेवरील लष्करी छावण्यांत लिहिलेल्या आहेत. त्यांत एके ठिकाणी तो सकाळी अंथरुणातून उठवत नाही याबद्दल स्वतःलाच समजावतो आहे: मुंग्या, कोळी, मधमाश्या आपापले काम करीत असताना माणसाने माणसाच्या कामासाठी उठू नये का, असे तो विचारतो. ज्याला सोमवारची धास्ती वाटते त्याने ही नोंद जरूर वाचावी. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या धन्यालाही अंथरूण सोडणे जड जात होते, हे वाचूनच निम्मी लाज उतरते.

निवडलेले वचन खरोखर त्याच माणसाचे आहे का, हे पाहण्याचा कंटाळा करू नये. ‘जगात जो बदल तुम्हाला हवा तो तुम्ही स्वतः व्हा’ हे वाक्य गांधीजींच्या नावावर सर्वत्र फिरते, पण ते या शब्दांत त्यांच्या लेखनात मिळत नाही; आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातील प्रवृत्तीही बदलतील, अशा आशयाचे त्यांनी 1913 मध्ये लिहिले होते. फरक बारीक वाटेल, पण पहिले वाक्य आज्ञा देते आणि दुसरे कार्यकारण सांगते, आणि विचार करायला दुसरेच अधिक उपयोगी आहे. पाठाची ही काळजी आपल्याकडे नवी नाही. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये पूर्ण झाली. पुढे सुमारे तीनशे वर्षांत हातोहात नकला होताना तिच्यात अपपाठ शिरले, आणि एकनाथांनी प्रती ताडून शके 1506 मध्ये तिचे शुद्धीकरण केले. आपल्याला एवढे कष्ट नाहीत. वचन ज्या प्रकरणातले आहे ते पूर्ण प्रकरण, टीपा असलेल्या विश्वासार्ह आवृत्तीत, एकदा वाचले तरी पुरते.

वाचताना थोडे वाचावे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका आपल्या मित्राला पत्रातून सांगतो की अनेक लेखकांत भटकू नकोस, आणि पुष्कळ वाचलेस तरी त्यातला एक विचार त्या दिवशी पचवण्यासाठी निवड. मी दिवसाला एका पानाहून अधिक वाचत नाही. मोठ्याने वाचते, आणि अडलेले वाक्य हाताने उतरवते. हाताने उतरवताना डोळ्यांनी सहज ओलांडलेला ‘परंतु’ किंवा ‘जर’ हटकून सापडतो, आणि पुष्कळदा साऱ्या अर्थाची किल्ली त्या एका शब्दातच असते.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो एका प्रसंगातून सांगते. एपिक्टेटस हा गुलाम म्हणून जन्मलेला तत्त्वज्ञ. त्याने स्वतः काही लिहिले नाही, त्याची शिकवण एरियन या शिष्याने टिपून ठेवली. तिचा सार सांगणाऱ्या छोट्या पुस्तिकेची सुरुवातच अशी आहे की काही गोष्टी आपल्या हाती असतात आणि काही नसतात: आपली मते, इच्छा, नावड आणि कृतीची प्रेरणा आपल्या हाती, शरीर, संपत्ती, लौकिक आणि पद आपल्या हाती नाही. हे मला तोंडपाठ होते. एकदा मी तयार केलेला अहवाल वरिष्ठांनी बैठकीत स्वतःचा म्हणून मांडला, आणि त्या रात्री अकराच्या सुमारास मी त्यांना पाठवण्यासाठी ईमेल लिहीत बसले. अकरा वाक्ये झाली, बोट ‘पाठवा’वर होते, आणि शेजारी वही पडलेली होती. मी पानाच्या मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे ‘माझ्या हाती’, उजवीकडे ‘माझ्या हाती नाही’. मग ईमेलमधले एकेक वाक्य घेऊन ते कोणत्या बाजूला जाते ते पाहू लागले. ‘तुम्हाला याची लाज वाटायला हवी’ हे उजवीकडे गेले. ‘सर्वांना खरे काय ते कळले पाहिजे’ हेही उजवीकडे गेले. ‘अहवालाचे पुढचे दोन भाग माझ्याकडे आहेत आणि ते मी स्वतः मांडू इच्छिते’ हे डावीकडे आले. अकरापैकी तीन वाक्ये डावीकडे उरली. सकाळी तीच तीन पाठवली. वरिष्ठांनी चुकीची कबुली दिली नाही, पण पुढचा भाग मीच मांडला, आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या रात्री मला झोप लागली. वचन पाठ असणे आणि त्याची रेघ आपल्या कागदावर ओढणे, यांत किती अंतर आहे ते मला तेव्हा समजले.

म्हणून प्रत्येक वचनाला विचारावे: हे मान्य केले, तर उद्या मी कोणती एक गोष्ट वेगळी करीन? ती गोष्ट दिसेल, मोजता येईल अशी असावी. ‘वडिलांशी नम्रपणे वागेन’ याचा उपयोग नाही. ‘त्यांचे वाक्य पूर्ण होईपर्यंत बोलणार नाही’ याचा आहे. ती सात दिवस करून पाहावी आणि रोज तारीख घालून एक ओळ लिहावी. शुभस्य शीघ्रम् असेही आपण म्हणतो आणि अति घाई संकटात नेई असेही म्हणतो. दोन्ही खरी आहेत, आणि आपल्या प्रसंगाला कोणते लागू आहे ते वहीतल्या सात ओळीच सांगू शकतात. बुद्धांनी कालाम लोकांना केलेल्या उपदेशातही केवळ परंपरा, ऐकीव गोष्ट किंवा गुरूचा मान यांवर विसंबू नका, स्वतः जाणून घ्या, असेच सांगितले आहे.

रात्री झोपण्यापूर्वीची पाच मिनिटे याला द्यावीत. दिवा मालवला आणि सवय ठाऊक असलेली पत्नी गप्प झाली की आपण सारा दिवस तपासतो, असे सेनेकाने लिहिले आहे. त्या तपासणीचा सूर महत्त्वाचा आहे: अमुक ठिकाणी तू फार कठोर बोललास, पुन्हा तसे करू नकोस, या वेळी तुला क्षमा आहे. स्वतःला झोडपत बसले तर चार दिवसांत ही सवय सुटते.

पुस्तकांइतकेच वडीलधाऱ्या माणसांकडूनही मिळते, फक्त विचारण्याची रीत हवी. ‘काही उपदेश करा’ म्हटले की उपदेशच मिळतो. ‘तुमचे भावाशी बोलणे बंद झाले होते, तेव्हा आधी कोण बोलले आणि काय म्हणाले?’ असे विचारले, तर माणूस क्षणभर थांबतो आणि मग जे सांगतो ते सहसा कुठे लिहिलेले नसते.

एका बाबतीत मात्र मी आग्रही आहे. सोसण्याची आणि स्वीकाराची वचने मारहाण, छळ किंवा फसवणूक सहन करण्यासाठी वापरू नयेत, आणि दुसऱ्याला तर ती अशा वेळी मुळीच ऐकवू नयेत. तेथे सुरक्षित जागा, जवळचे माणूस आणि कायद्याची मदत लागते. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. वही कुठे जात नाही.

दर तीन महिन्यांनी वही पहिल्या पानापासून वाचावी. जे वचन सात दिवसांत उपयोगी पडले नाही, ते खोडू नये, त्यापुढे तारीख घालून ‘लागू पडले नाही’ एवढेच लिहावे. माझ्या वहीत असे शेरे बरेच आहेत, आणि त्यांतल्या दोन वचनांपुढे दोन वर्षांनंतरची दुसरी तारीख आहे आणि वेगळ्या शाईत ‘आता पडले’ असे लिहिलेले आहे.