स्प्रिंग कापलेली स्विफ्ट परत वर आणली, माझा अनुभव

माझी जुनी स्विफ्ट, कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स (रस्ता ते गाडीचा तळ हे अंतर) 170 मिमी, पण आधीच्या मालकाने स्प्रिंग कापून इतकी खाली बसवलेली की मी टेपने मोजलं तर जेमतेम 95 मिमी भरलं, आणि नियमातला स्पीड ब्रेकरच 10 सेमी उंच असतो, मग पुण्यात आमच्या धायरीच्या गल्लीतल्यांचं काय विचारता. मागे आई-बाबा बसले की खालून खर्रर्र, आई सीट घट्ट धरायची, ते बघवेना.

मेकॅनिक म्हणाला स्प्रिंगमध्ये रबर बफर टाका, स्वस्तात होईल. नका टाकू! कापलेली स्प्रिंग चाक लटकलं की जागेवरून सुटू शकते, रबराने तो धोका जात नाही. शेवटी नाना पेठेतून चारही नव्या स्प्रिंग आणल्या. स्ट्रट (स्प्रिंग बसते तो शॉक अॅब्सॉर्बरचा भाग) उघडला तर बंप स्टॉपचा (स्प्रिंग पूर्ण दबली की धक्का झेलणाऱ्या तुकड्याचा) अक्षरशः भुगा हातात आला, तेल गळून रॉड काळा, म्हणून पुढचे दोन्ही स्ट्रट बदलले, जोडीनेच बदलायचे असतात. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) मात्र हात लावू नका, उडाली तर जीवावर बेतेल.

नंतर व्हील अलाइनमेंट केलंच पाहिजे, उंची बदलली की टो-कॅम्बर (चाकांची आत-बाहेर वळण्याची आणि झुकण्याची ठेवण) बदलतो, माझे पुढचे टायर आतल्या कडेने पार गुळगुळीत झालेले.

परवा कात्रजपर्यंत गेलो, आई मागे चक्क झोपली होती.