आरटीई प्रवेश: लॉटरी लागते, मग घोडं कुठं अडतं? या चुका टाळा

नाशिकच्या सिडकोत उत्तमनगरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखलेल्या आणि लॉटरीने मिळणाऱ्या मोफत जागांचे अर्ज सुरू झाले की अंबड एमआयडीसीची शिफ्ट सुटल्यावर पालक थेट काउंटरवर येतात. पहिलं वाक्य ठरलेलं: "दादा, फॉर्म भरून टाका, कागदांचं बघू नंतर."

सगळा घोटाळा या "नंतर"मध्ये आहे. लॉटरी लागल्यावर पडताळणी समिती कागदांवरच्या तारखा बघते, आणि काही कागद अर्ज भरण्याच्या आधीचेच लागतात.

यात पहिला नंबर भाडेकराराचा. आमच्याकडे निम्मी गिऱ्हाईकं धुळे-जळगावकडून आलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी. एका पालकांच्या मुलीचा नंबर लागला, पेढेही वाटून झाले. पडताळणीला गेले तर करार नुसता नोटरी केलेला, तोही अर्जानंतर आठ दिवसांनी. प्रवेश गेला. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा, अर्जाच्या तारखेआधीचा हवा आणि किमान 11 महिन्यांचा हवा. मालक टाळाटाळ करणारच. त्याला दिवाळीपासूनच मागे लागा. ओळखीच्याच्या पत्त्यावर करार करायची आयडिया मात्र डोक्यातून काढा. तिथे राहत नाही असं निघालं तर झालेला प्रवेशही रद्द होतो.

दुसरी चूक आमच्यासारखे दुकानदारच करतात, कबूल करतो. अर्जात नकाशावर लाल फुगा येतो, तो स्वतःच्या घरावर नेऊन ठेवायचा असतो. गर्दीत फुगा दुकानावरच राहतो आणि चुंचाळ्यातलं पोर कागदोपत्री उत्तमनगरचं होतं. शाळेच्या जवळची मुलं आधी, लांबची नंतर, असा क्रम असतो. अंतर चुकलं की पडताळणीत अर्ज बाद. फॉर्म भरणाऱ्याला स्क्रीन तुमच्याकडे फिरवायला लावा आणि आपली गल्ली ओळखा.

मग गट निवडायचा. ओबीसी, एससी, एसटी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), एसबीसी (विशेष मागास) हे वंचित गटात येतात आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. तरी कितीतरी जण "आम्ही गरीबच" म्हणत आर्थिक दुर्बल घटकावर टिचकी मारतात आणि तहसीलदाराच्या 1 लाखाच्या आतल्या उत्पन्नाच्या दाखल्यामागे पळत बसतात. वंचित गटाला प्रांत कार्यालयाचं जातीचं प्रमाणपत्र लागतं, मुलाचं किंवा वडिलांचं. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात लिहिलेली असली तरी तेवढ्यावर भागत नाही. दुसऱ्या राज्यातलं प्रमाणपत्रही चालत नाही. सातपूरच्या परप्रांतीय कुटुंबांना हे बहुतेक वेळा पडताळणीतच कळतं.

शाळा 10पर्यंत निवडता येतात. काही जण गंगापूर रोडची एकच नामांकित शाळा टाकून थांबतात, काही दिसेल ती टिकत जातात. नंबर लागूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेरीत विचार होत नाही, म्हणून खरंच पाठवाल तीच शाळा टाका. नकाशावर किलोमीटरभर दिसणारी शाळा हायवेच्या पलीकडे असेल तर सकाळी इंदिरानगरच्या बोगद्यातून एकदा जाऊन बघा, मग टिक करा.

हवी ती कॉन्व्हेंट यादीत दिसत नाही म्हणून पोर्टलवर चिडू नका. अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलंय. आणि "जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी मिळत नाही" हे अजून कुणी सांगत असेल तर ते जुनं झालं. तसा बदल राज्याने फेब्रुवारी 2024 मध्ये केला होता, उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो रद्द केला.

एकाच मुलाचे दोन अर्ज नकोत. बापाने दुकानात भरला, मामाने मोबाइलवर भरला, की दोन्ही लॉटरीबाहेर. मोबाइल नंबर दुकानदाराचा देऊ नका. एसएमएसची वाटही बघत बसू नका, पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्वतः तपासा.

आता पैशांचं. सरकार फी पालकाच्या खात्यात टाकत नाही, शाळेला देते. रक्कम सरकारच्या ठरलेल्या दराने किंवा शाळेच्या प्रत्यक्ष फीइतकी, यातली जी कमी ती. राज्याने हा दर बरीच वर्षं मुलामागे 17,670 रुपये धरला होता. ही रक्कम शाळांना उशिरा मिळते, त्यांची तक्रार खोटी नाही. पण "सरकारचं अनुदान आलं नाही, तोवर तुम्ही भरा" असं शाळा म्हणाली तर भरू नका. तो हिशोब शाळा आणि शासन यांच्यातला आहे. मागणी लेखी मागा आणि तो कागद घेऊन शिक्षण विभागात जा. लेखी द्या म्हटलं की निम्म्या वेळा विषय तिथेच मिटतो.