साक्ष देताना या चुका टाळा

आपल्या विश्वासाविषयी इतरांशी मोकळेपणाने बोलू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती माणसांच्या त्याच त्या चुका मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, आणि त्यांपैकी बहुतेक मी स्वतःही केलेल्या आहेत.

सर्वांत सार्वत्रिक चूक शब्दांची. ‘तुमचे तारण झाले आहे का?’ असे एका उत्साही तरुणाने माझ्यादेखत एका गृहस्थांना विचारले, तेव्हा त्यांनी शांतपणे उत्तर दिले, ‘घर तारण ठेवले आहे, हप्ते अजून चालू आहेत.’ तरुणाला ‘तारण’ म्हणजे पापापासून सुटका म्हणायचे होते. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रोज कानांवर पडणारे शब्द बाहेरच्या माणसापर्यंत त्याच अर्थाने पोचत नाहीत. ‘तुम्ही पापी आहात’ हे तर सरळ शिवीसारखे लागते. सर्वांनी पाप केले आहे, असे आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल बायबलमधील रोमकरांस पत्रात (३:२३) लिहितो, त्या ‘सर्वांत’ बोलणाराही येतो, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्गच नसतो. म्हणून मी आधी स्वतःच्या पापाविषयी बोलतो, तेही साध्या शब्दांत.

दुसरी चूक दुःखात घाई करण्याची, आणि ही माझी स्वतःची. एका सहकाऱ्याचे वडील वारले, त्याच दिवशी मी त्याला ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे येशूचे वचन ऐकवले आणि वर मरणानंतरच्या जीवनाविषयी प्रश्नही विचारला. पुढे दोन वर्षे तो माझ्याशी कामापुरतेच बोलला. ते वचन योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आहे खरे, पण येशू ते भाऊ वारलेल्या मार्थेला सांगतो, कारण ती स्वतः होऊन त्याला सामोरी जाऊन बोलू लागली होती. तिची बहीण मरीया पायांशी पडून रडू लागली, तेव्हा तो उपदेश करीत नाही, तोही रडतो. मी सोयीचे तेवढेच वाचले होते. शेवटी मी त्याची क्षमा मागितली आणि त्या दिवशी वचनाचा विषयही काढला नाही. आता मी शोकाच्या घरी जातो तेव्हा गप्प बसतो.

वादात जिंकू नका. हरलेला माणूस क्वचितच पुन्हा बोलायला येतो. आजार बरा होईल, नोकरी मिळेल, अशी आश्वासने देऊ नका, कारण ती देणे तुमच्या हातात नाही. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानांची टिंगल तर मुळीच करू नका. अथेन्समधील मूर्ती पाहून पौल अस्वस्थ झाला होता, तरी त्याने भाषणाची सुरुवात ‘अज्ञात देवाला’ या तिथल्याच वेदीपासून केली. एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर तसे सांगा. येशूने दृष्टी दिलेल्या जन्मांध माणसानेही, लोकांनी येशूविषयी विचारल्यावर, ‘मला ठाऊक नाही’ असे आधी म्हटले, आणि मग ‘मी पूर्वी आंधळा होतो, आता मला दिसते’ एवढेच सांगितले.

नवशिक्यांच्या घाईचा मात्र मला खरोखर कंटाळा आला आहे. पौल करिंथ शहरात दीड वर्ष राहून शिकवीत होता, आणि आमची मंडळी दुसऱ्या भेटीतच समोरच्याकडून येशूला स्वीकारण्याची प्रार्थना म्हणवून घ्यायला निघतात, ती झाली की संख्या मोजतात आणि त्या माणसाकडे पुन्हा फिरकत नाहीत. कोणी ‘आज नको’ म्हटले, तर मी तिथेच थांबतो आणि तो स्वतः विषय काढेपर्यंत वाट पाहतो.