कंपोस्टच्या बादलीला वास येतोय? या चुका टाळा

वास आला की लोक आधी कल्चरला (कचरा कुजवायला घालतात ते विरजण) नावं ठेवतात, मग बादलीला. पण बहुतेक वेळा भानगड एकच असते, सुकं, म्हणजे वाळका पाला किंवा भुसा, कमी पडलेलं असतं. मी पण एका जूनमध्ये हेच केलं, घरात रोज पातेलंभर आंब्याची सालं, बाहेर पाऊस, सुका पाला आणणार कुठून, म्हटलं चालतंय की आणि नुसती सालंच टाकत गेले, आठवड्याभरात तळाला काळं पाणी साचलं आणि शेजारच्या काकू विचारायला आल्या, "ड्रेनेज तुंबलंय का गं?"

वासावासात फरक असतो बरं का. नाकात झोंबणारा अमोनियासारखा असेल तर ओल्यातला, म्हणजे सालं-भाजीच्या कचऱ्यातला, नायट्रोजन जास्त झालाय, कार्बनवालं सुकं वाढवा. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवाच जात नाहीये, मग वरून भुसा भुरभुरवून काही होत नाही, सगळं उपसून तळापासून सुकं मिसळत परत भरायचं, घाण काम आहे पण इलाज नाही.

पुस्तकी हिशोब एका भाग नायट्रोजनला 25 ते 30 भाग कार्बन असा असतो. हा हिशोब वाट्यांचा नाही, ते वाचून कुणी एका वाटीला तीस वाट्या पाला घालू नका! एक वाटी ओल्याला दोन वाट्या चुरलेला पाला, एवढ्यावर माझं भागतं. लाकडाचा भुसा मात्र जपून, त्यात कार्बन इतका असतो की जास्त झाला तर ढीग कुजत नाही, थंडच पडून राहतो. आणि रंगावर जाऊ नका, चहाचा चोथा तपकिरी दिसला तरी तो ओल्यातच धरायचा, दूध-साखरेचा असेल तर आधी धुवून.

मुंग्या झाल्यात आणि महिनाभर काहीच हलत नाहीये? मग कोरडं पडलंय. मूठभर घेऊन दाबून बघा, थेंब-दोन थेंब आले की बरोबर, भुगा सुटला तर पाण्यात थोडं आंबट ताक घालून शिंपडा.

चिलटं झाली तर ओलं उघडं राहतंय, वर सुक्याचा थर हवाच.

पाला गोळा करायचा तो फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत, सोसायटीत कुणी पेटवायच्या आत. चुरून गोणीत भरा, अख्खी पानं ओली झाली की एकमेकांना चिकटून बसतात. गोणी बाल्कनीच्या कठड्यापासून लांब ठेवा, पावसाची झड लागली की आतला पालाही भिजतो आणि मग तो बादलीतला ओलावा शोषून घेत नाही.