एफडीच्या जाहिरातीत 'विमा संरक्षित' लिहिलंय? मग आधी हे बघा

पेपरात घालून येणाऱ्या एफडीच्या पत्रकावर व्याजदर भला मोठा छापलेला असतो आणि 'ठेवी विमा संरक्षित' ही ओळ कुठेतरी तळाशी, बारीक अक्षरात. वाचायला तिथूनच सुरुवात करा.

सगळ्यात आधी नाव नीट बघा, बँक आहे का पतसंस्था. पतसंस्था, मल्टिस्टेट सोसायटी, फायनान्स कंपनी यांच्या ठेवींना डीआयसीजीसीचा (बँक बुडाली तर ठेवीदारांना विम्याचे पैसे देणारी रिझर्व्ह बँकेची कंपनी) विमा नसतो, मग ऑफिस कितीही चकाचक असू दे आणि संचालक ओळखीचे असू देत. बँक असेल तर तिची वेबसाइट उघडा. १ सप्टेंबर २०२३ पासून बँकांनी वेबसाइटवर डीआयसीजीसीचा लोगो आणि क्यूआर कोड दाखवायचाय. तो सापडला तरी डीआयसीजीसीच्या साइटवर विमा असलेल्या बँकांची यादी आहे त्यात नाव शोधाच, दोन मिनिटांचं काम आहे.

आता रकमेचं बघू, कारण खरी गफलत इथेच होते. मर्यादा ५ लाख (४ फेब्रुवारी २०२० च्या आधी फक्त १ लाख होती), पण ती प्रत्येक एफडीला नाही, एका बँकेत एका माणसाला मिळून आहे. म्हणजे कोथरूड शाखेत ३ लाख आणि हडपसर शाखेत ३ लाख ठेवले तर ते ६ लाखच धरतात आणि मिळतात ५. सेव्हिंग, करंट, रिकरिंग सगळं यातच येतं आणि व्याजसुद्धा, ४ लाख ९० हजारांच्या एफडीवर २५ हजार व्याज जमलं असेल तर वरचे १५ हजार विम्याच्या बाहेर. त्याच बँकेचं कर्ज थकलेलं असेल तर तेही वजा होऊ शकतं. जॉइंट खातं मात्र वेगळं धरतात. आणि विम्याचा प्रीमियम बँक भरते, तुमच्याकडून कोणी मागितला तर देऊ नका.

जाहिरातीत 'पैसे पूर्ण सुरक्षित' असं मोघम लिहिलं असेल तर शाखेत जाऊन सरळ विचारा, माझे किती कव्हर होतात. लाज कसली वाटायचीय, आयुष्यभराची पुंजी आहे. पुण्यात रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि लायसन्स रद्द झालं २०२२ मध्ये, एवढी वर्षं लोक ताटकळले. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर असे निर्बंध आले की साधारण ९० दिवसांत विम्याचे पैसे मिळायची सोय झालीये, पण तीही ५ लाखांपर्यंतच.

म्हणून आज आईबाबांच्या सगळ्या पावत्या काढा, बँकवार बेरीज करा, व्याज धरून, आणि जिथे ५ लाखांच्या वर जातंय तिथली ऑटो रिन्यूअल बंद करायला सांगा, मॅच्युअर झाली की वरची रक्कम दुसऱ्या बँकेत टाका.