“मलम म्हंजे का औषध असते जी?” : त्वचारोगाचा केसपेपर लिहिताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्वचारोगाच्या दवाखान्यात मी केसपेपर लिहितो. नवीन पोरं येतात, टॅबवर झपाझप रकाने भरतात आणि सगळी एकाच खड्ड्यात पडतात. “आधी औषध घेतलं?” “नाही.” टिक. पुढचा या.

मागच्या कापूस वेचणीत एक काका आले. मांड्या, कंबर सगळीकडे नायटा. पण कडा पुसट, नुसती लाली, ओळखू येईना. टॅबवर ‘पूर्वीचे उपचार: नाही’. मी विचारलं, “काका, लावलं काय काय?” “मलम लावलं ना जी. पण मलम म्हंजे का औषध असते?” काकूंनी पिशवीतून पिळून सपाट झालेल्या सात ट्यूबा काढून बाकावर मांडल्या. सगळ्या क्लोबेटासॉल या स्टेरॉइडच्या. स्टेरॉइडने खाज दबते, बुरशी मात्र मोकाट पसरते आणि नायट्याचं रूपच पालटतं. त्या एका ‘नाही’वर भरवसा ठेवून कोणी इसब समजलं असतं, तर आठवी ट्यूब आम्हीच लिहून दिली असती.

तेव्हापासून ‘औषध’ हा शब्द मी तोंडात घेत नाही. काय लावलं, कोणी दिलं, किती दिवस, रिकामी ट्यूब घरी आहे का. असेल तर तिचा फोटो. ‘पांढरं मलम’ असं लिहिणाऱ्याला मी पेपर परत देतो. पाच मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या.

घरात आणखी कोण खाजवतं, हे विचारल्याशिवाय खरजेचा पेपर पुरा होत नाही.

व्यवसाय ‘शेती’ एवढंच लिहू नका. पापण्या, मान, कोपराची घडी लाल असेल तर गाजरगवत उपटलं का, फवारणी केली का, ते लिहा.

फोटो: आधी लांबून, मग जवळून, नाहीतर डावा गुडघा की उजवा, हे महिन्याने देवालाही सांगता येत नाही. खिडकीचा उजेड घ्या, ब्यूटी मोड बंद करा, तो त्वचेवरचे पापुद्रेच पुसून टाकतो. आणि स्वतःच्या मोबाइलवर अजिबात नको. आमचा एक पोरगा लग्नाचे फोटो दाखवत होता, बोट सरकलं अन् गावातल्याच एका बाईची उघडी पाठ समोर आली. परवानगी घेतली होती म्हणे. दवाखान्यासाठी घेतली होती, वऱ्हाडासाठी नाही.

“चट्टा कधीपासून?” असं रांगेत ओरडून विचारू नका. वरोऱ्याचं आनंदवन, वर्ध्याचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन या कुष्ठरोग्यांच्या संस्था ज्या मुलखात आहेत, तिथे त्या शब्दाचा अर्थ कोणाला समजवावा लागत नाही. सोयरीक मोडते. दार लावा, डोळे मिटायला सांगा, कापसाच्या टोकाने स्पर्श करा, कळलं की नाही ते प्रत्येक चट्ट्यापुढे लिहा. “बधिर वाटतं का?” विचारलं की लोक भीतीने नाहीच म्हणतात.

मोबाइल नंबर बहुतेक वेळा पोराचा असतो, अन् पोरगा पुण्याला. शेजारच्याचा नंबरही विचारा, पण रोगाचं नाव त्याला सांगू नका.