आपल्याच माणसांत ‘मला हे पटत नाही’ कसं म्हणावं

विरोधकाशी भांडायला फारशी तयारी लागत नाही. जीव कासावीस होतो तो ज्यांच्याशी दहातल्या नऊ गोष्टींवर आपलं जमतं, त्यांच्या ग्रुपवर ‘ही दहावी चुकतेय’ असं लिहिताना. मी हे बऱ्याचदा केलंय आणि पहिली काही वर्षं वाईट केलंय. शांतपणे लिहा, रागाच्या भरात लिहू नका, वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढे जाते.

१. बोलायचं की नाही ते ठरवा. आपण गप्प बसल्याने कोणाचं नुकसान होणार असेल तर बोला. नुसता एखादा शब्द खटकला असेल तर सोडून द्या.

२. एकच वाक्य पकडा. आमचा ग्रुप घरच्या घरी, रसायनांशिवाय बाग करणाऱ्यांचा. एकदा मेसेज आला : माव्यावर (झाडांचा रस शोषणाऱ्या किडीवर) तंबाखूचा काढा फवारा, नैसर्गिक आहे, काहीही अपाय नाही. खाली अंगठ्यांची रांग. आता निकोटिन वनस्पतीतूनच येतं हे खरं. पण ते जहाल विष आहे, कातडीतून अंगात भिनतं आणि माव्याबरोबर मधमाश्यांनाही मारतं. मग खोडायचं वाक्य कोणतं? ‘काहीही अपाय नाही’, एवढंच. ‘नैसर्गिक म्हटलं की आपण सगळे डोळे मिटून घेतो’ हे मलाही लिहावंसं वाटलं होतं. ते लिहायचं नाही. त्या एका ओळीने सगळ्यांना एकदम अंगावर घेतलं जातं.

३. सरळ लिहा. ‘हे निर्धोक आहे हे मला पटत नाही, कारण अमुक.’ आधी चार ओळी कौतुक करा, मग हळूच मुद्दा सरकवा, हा सल्ला देणाऱ्यांनी तो स्वतः कधी वापरून पाहिला नसावा. लोक कौतुकाला धन्यवाद म्हणतात आणि पुढचं वाचत नाहीत. ‘मी आपली मुद्दाम उलटी बाजू मांडतेय हं’ हे तर त्याहून वाईट. शार्लन नेमेथ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००१ साली याची सहकाऱ्यांबरोबर तुलना करून पाहिली होती : मतभेदाचं सोंग घेणाऱ्यापेक्षा ज्याला खरंच पटत नाही अशा माणसामुळे गट जास्त विचार करतो. पटत नाही ना? मग तसंच म्हणा.

४. दुसरा मेसेज. इथे माझी दर वेळी माती व्हायची, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या मेसेजला उत्तर येतं ते मुद्द्याला नसतं. ते तुम्हाला असतं. मला आलं होतं : ‘म्हणजे तुम्ही आता कंपन्यांची औषधं मारायला सांगणार का?’ हा प्रश्न दिसतो, पण ही हजेरी आहे. तू आमच्यातली की त्यांच्यातली, एवढंच विचारलेलं असतं. आणि मी हजेरी दिली. किती वर्षं रासायनिक खताला हात लावलेला नाही, कंपोस्ट कसं करते, घरच्यांना कसं वळवलं, सगळं लिहिलं. त्यावर कोणी माझ्या कंपोस्टमध्ये चूक काढली, मी तीही खोडून काढली. रात्री साडेअकरापर्यंत माझे अकरा मेसेज झाले होते आणि शेवटच्या सातांत तंबाखू हा शब्दच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाईंनी निरागसपणे विचारलं, ‘ताई, एक लिटर पाण्याला तंबाखू किती घ्यायची?’

तेव्हापासून माझा नियम : निष्ठेच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. पुरावे तर मुळीच द्यायचे नाहीत, कारण पुरावा दिला की परीक्षा मान्य केली, आणि परीक्षक काय, पुढचा पेपर काढतोच. ‘मीही तुमच्यातलीच, पण…’ ही ओळसुद्धा पुसा. दुसऱ्या मेसेजमध्ये पहिलाच मुद्दा पुन्हा लिहा, शक्यतो त्याच शब्दांत : ‘कंपन्यांच्या औषधांबद्दल मी बोलत नाहीये. तंबाखूचा काढा कातडीतून भिनतो, म्हणून तो निर्धोक नाही, एवढंच म्हणणं आहे.’ रुक्ष वाटेल. वाटू द्या.

इथेच बरेच जण मवाळ होतात. ‘तसं अगदीच वाईट असं नाही, थोडा चालेलही.’ चालत नसेल तर असं म्हणू नका. १९६९ साली सर्ज मोस्कोविसी या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी सहा-सहा जणांच्या गटांना निळ्या स्लाइड दाखवल्या. सहातले दोघं प्रयोग करणाऱ्यांना आतून सामील, निळ्याला हिरवं म्हणणारे. ते दोघं प्रत्येक वेळी हिरवंच म्हणत राहिले तेव्हा बाकीच्यांची आठ टक्क्यांहून थोडी जास्त उत्तरं ‘हिरवं’ आली. तेच कधी हिरवं, कधी निळं म्हणू लागले तेव्हा जेमतेम सव्वा टक्का. आठ टक्के म्हणजे काही मोठी क्रांती नव्हे, पण ते दोघं धडधडीत खोटं सांगत होते. तुमच्याकडे तर खरी गोष्ट आहे.

समोरच्याने खरंच चूक दाखवून दिली तर गोष्ट वेगळी. मग एका ओळीत मान्य करा, आढेवेढे नकोत.

५. तिसरा मेसेज लिहू नका. शेवटचा शब्द त्यांना घेऊ द्या.

६. खासगीत येणारे मेसेज. एक-दोन येतातच : ‘तुमचं बरोबर होतं, पण तिथे कशाला बोलायचं!’ पूर्वी मी यावर खूश होऊन बसायचे. आता लगेच लिहिते, ‘हेच तिथे एका ओळीत लिहाल का?’ सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाच्या १९५१ च्या, रेघांची लांबी ताडण्याच्या प्रयोगात बाकीचा सगळा गट ठरवून चुकीचं उत्तर देत असताना एकट्या पडलेल्या माणसांची जवळपास एक तृतीयांश उत्तरं गटासारखीच चुकली होती. गटातल्या एकानेही खरं उत्तर दिलं की हे प्रमाण पावपटीवर यायचं. एकच ओळ, पण ती दुसऱ्या कोणाची तरी हवी. बहुतेक जण नाही म्हणतात. आग्रह करू नका, आणि ‘मला खासगीत बऱ्याच जणांनी सांगितलं’ असं ग्रुपवर कधीही लिहू नका. तंबाखूच्या वेळी ती एक ओळ लिहिली ते माप विचारणाऱ्या बाईंनीच : ‘मग हातमोजे घालून तरी चालेल का?’